हवामान बदलावर वाद घालताना आधी प्रश्न वेगळे करा

मोठा पूर आला, उष्णतेची लाट आली किंवा जंगल पेटलं की दिवसभरात दोन वाक्यं फिरायला लागतात. एक, 'हा हवामान बदलाचाच फटका.' दुसरं, 'असं पूर्वीही व्हायचं, उगाच बाऊ करू नका.' पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. ती एका प्रश्नाची दोन उत्तरं नसतातच, त्यामुळे भांडण कितीही लांबलं तरी निकाल लागत नाही.

या एका वादात चार प्रश्न दडलेले असतात. जे मोजलं ते नीट मोजलं का? अशा घटना खरोखर वाढताहेत का? या विशिष्ट घटनेत तापमानवाढीचा वाटा किती? आणि माणसं मेली, पैसा बुडाला, तो कशामुळे? वाद घालणारे एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतात. एक जण पावसाच्या कलाबद्दल बोलत असतो, तर समोरचा नुकसानीच्या आकड्याने उत्तर देतो. म्हणून एकेक प्रश्न सुटा करून बघू.

मोजमाप

२९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस दाखवलं. काही तासांत ते जगभर पोचलं. नंतर भारतीय हवामान विभागाने तपासणी केली, तेव्हा तिथला सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता. दुसरं उदाहरण याहून जुनं. लिबियातल्या अल अझीझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदलेले ५८ अंश हा तब्बल ९० वर्षं जागतिक उच्चांक मानला जात होता. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये तो रद्द केला. नवख्या निरीक्षकाने तापमापीतल्या दर्शकाचं चुकीचं टोक वाचलं असावं, हे त्यामागचं मुख्य कारण. आता उच्चांक आहे तो अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा, ५६.७ अंश.

हवेचं तापमान म्हणजे जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, थेट ऊन न लागता मोजलेलं तापमान. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा हवेचं तापमान नव्हे. भिंतीवर टांगलेल्या तापमापीचंही तेच. उपग्रहाच्या नकाशावर ६० अंशांच्या पुढे गेलेले लालभडक पट्टे दिसतात, ते जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान असतं. उन्हात तापलेली कोरडी माती हवेपेक्षा १५-२० अंशांनी सहज जास्त गरम असू शकते. असा नकाशा 'आज ६० अंश' म्हणून पुढे पाठवणारा माणूस बहुधा हवामान बदल मानणाराच असतो. तो आपल्याच बाजूचं नुकसान करत असतो.

उलट्या बाजूचा आवडता आरोप म्हणजे 'शास्त्रज्ञ जुन्या नोंदी बदलतात.' बदलतात, हे खरंच आहे. का बदलतात ते समजून घ्यायला हवं. अमेरिकेत पूर्वी बरेच स्वयंसेवक संध्याकाळी कमाल-किमान तापमापी वाचून 'रीसेट' करत, म्हणजे तिच्या खुणा त्या वेळच्या तापमानावर परत आणत. समजा सोमवारी दुपारी ४० अंश झाले आणि संध्याकाळी पाच वाजता वाचन झालं. रीसेट करताना हवा अजून ३८ अंशांवर असेल, तर मंगळवार कितीही थंड गेला तरी त्याची कमाल नोंद ३८ च्या खाली येणारच नाही. एकच गरम दुपार दोनदा मोजली जाते. पुढे वाचनाची वेळ हळूहळू सकाळवर गेली आणि मग थंड पहाट दोनदा मोजली जायला लागली. हवामान तसूभरही न बदलता कागदावर मात्र थंडावा दिसतो. तो काढून टाकला की अमेरिकेतली तापमानवाढ जास्त दिसते, आणि मग ओरड होते.

समुद्राच्या नोंदींची गोष्ट याच्या उलटी आहे. ती फारशी कुणी सांगत नाही. जुन्या काळी जहाजावरून कॅनव्हासच्या बादलीने पाणी वर ओढत. बाष्पीभवनामुळे ते मोजेपर्यंत थोडं निवायचं. पुढे इंजिनात घेतल्या जाणाऱ्या पाण्याचं तापमान घेऊ लागले, ते किंचित गरम असायचं. ही त्रुटी काढायची तर जुने आकडे वर न्यावे लागतात. समुद्राचा विस्तार इतका मोठा की सगळ्या दुरुस्त्यांचा जागतिक परिणाम बघितला, तर शतकभराची तापमानवाढ कच्च्या नोंदींपेक्षा थोडी कमीच होते. आकडे फुगवण्यासाठी केलेला हा कट असेल, तर तो फारच उलटा जमलाय.

शहरं तापतात म्हणून आलेख वर जातो, या शंकेवर तर स्वतंत्र काम झालं. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींबद्दल गंभीर शंका होत्या. त्यांनी 'बर्कली अर्थ' प्रकल्प उभा केला. त्याच्या देणगीदारांत तेल उद्योगातले धनाढ्य चार्ल्स कोख यांची संस्थाही होती. निष्कर्ष निघाला तो असा, की तापमानवाढ खरी आहे आणि शहरी उष्णतेचा जागतिक सरासरीवर परिणाम नगण्य आहे. शहरात रात्री जास्त उकडतं हे खरंच आहे. पण पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाणी आहे, आणि तिथे कुणी इमारती बांधलेल्या नाहीत.

कल: कुठून मोजायचं?

एकाच वर्षाचे वेगवेगळे आकडे दिसले की लोक म्हणतात, यांचंच यांना माहीत नाही. कोपर्निकस या युरोपीय हवामान सेवेच्या हिशेबात २०२४ हे वर्ष १९९१-२०२० च्या सरासरीपेक्षा ०.७२ अंशांनी गरम होतं, आणि औद्योगिकपूर्व (१८५०-१९००) पातळीपेक्षा १.६० अंशांनी. संस्था एकच, वर्षही तेच, फक्त तुलनेचा पाया वेगळा. नासा १९५१-१९८० वापरते, ब्रिटनचं हवामान कार्यालय बऱ्याच आलेखांत १९६१-१९९० वापरतं. आकड्याशेजारी पायाचा कालखंड लिहिलेला नसेल, तर त्यावर वाद घालू नये. जागतिक हवामान संघटना वेगवेगळ्या संस्थांच्या सहा नोंदसंचांची सांगड घालून २०२४ साठी १.५५ अंश सांगते, त्यात ०.१३ चं कमी-जास्त धरून.

आरंभवर्ष निवडणं ही दुसरी युक्ती. 'तापमानवाढ १९९८ पासून थांबली' हे विधान वर्षानुवर्षं चाललं. १९९८ ला जबरदस्त एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून जगाची सरासरी तात्पुरती वर गेली होती. मोजणी डोंगराच्या माथ्यावरून सुरू केली, तर पुढे सपाटच दिसणार. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या पाचव्या अहवालात याचा सुंदर तपशील आहे. १९९८ ते २०१२ या १५ वर्षांचा कल दशकाला ०.०५ अंश. सुरुवात १९९७ पासून केली, तर पुढच्या १५ वर्षांचा कल ०.०७. १९९६ पासून केली तर ०.१४, आणि १९९५ पासून ०.१३. एखाद-दुसरं वर्ष सरकवल्यावर कल दुप्पट-तिप्पट होत असेल, तर ती मुदत कल सांगायला अपुरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक सरासरीसाठी किमान २०, शक्यतो ३० वर्षं घ्यावीत. एका ठिकाणच्या पावसासाठी तर त्याहूनही जास्त, कारण पाऊस वर्षागणिक फार हेलकावे खातो.

विक्रमांचीही एक साधी चाचणी आहे, ती कुणालाही करता येते. हवामान स्थिर असेल, तर नोंदींच्या दहाव्या वर्षी नवा उच्चांक होण्याची शक्यता दहात एक, पन्नासाव्या वर्षी पन्नासात एक, शंभराव्या वर्षी शंभरात एक. म्हणजे शंभर वर्षांत एका ठिकाणी एका तारखेचे साधारण पाचच उच्चांक अपेक्षित. नीचांकही तेवढेच. जुन्या केंद्राचा तारीखवार तक्ता घ्या आणि शेवटच्या वीस वर्षांतले उच्चांक नि नीचांक मोजा. गुणोत्तर एकाच्या आसपास असेल, तर बदल दिसत नाही. अमेरिकेच्या नोंदींवर २००९ मध्ये असा अभ्यास झाला, तेव्हा त्या दशकात दोन उच्चांकांमागे एक नीचांक असं प्रमाण निघालं. नीचांक थांबलेले नाहीत, ते विरळ झालेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये तापमानवाढ नाकारणारे सिनेटर जेम्स इनहॉफ बाहेर थंडी असल्याचं दाखवायला बर्फाचा गोळा घेऊन आले होते. त्या गोळ्याने कोणता प्रश्न सुटला, हे या चाचणीवरून कळतं.

अमेरिकेतलं १९३० चं दशक दिवसाच्या उष्णतेत आजही भारी आहे, असं संशयवादी म्हणतात. ते बरोबर आहे. दुष्काळ आणि नांगरून उघडी पडलेली जमीन यांमुळे ओल उरली नव्हती, आणि ऊन बाष्पीभवनात खर्च न होता हवा तापवत होतं. फक्त तो देश पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे २ टक्के भाग आहे, हे पुढचं वाक्य गाळलेलं असतं.

काय पक्कं आहे, काय नाही

'टोकाचं हवामान वाढलंय' हे एक विधान म्हणून मी मानत नाही. घटनेचा प्रकार सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

उष्णतेबद्दल वाद उरलेला नाही. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार, १८५०-१९०० च्या काळात दहा वर्षांतून एकदा येणारी टोकाची उष्णता १ अंश तापमानवाढीला २.८ पट वेळा येते. दीड अंशाला ४.१ पट, दोन अंशांना ५.६ पट. पन्नास वर्षांतून एकदा येणारी उष्णता दीड अंशाला ८.६ पट. घटना जितकी दुर्मीळ, तितकी तिची वाढ मोठी, हे इथे दिसतं. त्याचं गणित पुढे येईल.

अतिवृष्टीत दिशा तीच, पण पट लहान. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. दहा वर्षांतून एकदा येणारा एका दिवसाचा मोठा पाऊस १ अंशाला १.३ पट वेळा येतो आणि त्यात पाणी ६.७ टक्के जास्त असतं. ७ आणि ६.७, सिद्धान्त आणि हिशेब इतके जवळ क्वचितच येतात.

आता पूर. इथे गाडी अडते. पाऊस वाढला म्हणजे पूर तेवढाच वाढला, असं होत नाही. माती आधी किती भिजलेली आहे, वर बर्फ होतं का, धरण कधी सोडलं, पात्रात किती भराव घातला, उतारावर किती काँक्रीट आहे, हे सगळं मधे येतं. काही नद्यांचे पूर वाढलेत, काहींचे घटलेत. जागतिक कलाबद्दलचा विश्वास कमी आहे. चक्रीवादळांची एकूण संख्या वाढली, असं ठामपणे म्हणता येत नाही. गेल्या चार दशकांत श्रेणी ३ ते ५ च्या, म्हणजे जास्त तीव्र वादळांचं प्रमाण वाढलं असण्याची मात्र चांगली शक्यता आहे. टोर्नेडो आणि गारपीट यांच्या जुन्या नोंदी इतक्या विस्कळित, की कल काढणं अवघडच. टोर्नेडोची संख्या वाढलेली दिसते, त्यात रडारचा आणि मोबाइल कॅमेऱ्यांचा मोठा हात आहे.

इथे एका शब्दयोजनेवरून दोन्ही बाजू घसरतात. आयपीसीसी दोन वेगळ्या मोजपट्ट्या वापरते. एक शक्यतेची: 'जवळजवळ निश्चित' म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त, 'फार संभवनीय' म्हणजे ९० हून जास्त, 'संभवनीय' म्हणजे ६६ हून जास्त. दुसरी विश्वासाची: कमी, मध्यम, उच्च. ती पुरावा किती आणि अभ्यासकांत एकमत किती यावर ठरते. टोर्नेडोपुढे 'कमी विश्वास' लिहिलेलं दिसलं की संशयवादी म्हणतात, 'बघा, बदल नाही असं आयपीसीसीच सांगते.' ती तसं सांगत नाही. नोंदी अपुऱ्या आहेत, एवढंच ती सांगते. कार्यकर्ते तीच ओळ गाळून उष्णतेचा निष्कर्ष वादळांना चिकटवतात. वडाची साल पिंपळाला लावण्याचा उद्योग दोन्हीकडे जोरात चालतो.

एका घटनेत वाटा किती

'कुठलीही एक घटना हवामान बदलाला जोडता येत नाही' हे वाक्य वीस वर्षांपूर्वी शास्त्रज्ञही वापरत. २००४ मध्ये पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेवर शोधनिबंध लिहिला. अशा उन्हाळ्याचा धोका मानवी कारणांमुळे किमान दुप्पट झाला, असं त्यांनी दाखवलं. तेव्हापासून ते वाक्य जुनं झालं.

ही पद्धत साधारण अशी चालते. आधी घटना ठरवायची: कुठल्या क्षेत्रावर, किती दिवसांचा, कुठला घटक. मग त्या क्षेत्राच्या जुन्या नोंदी घेऊन आजच्या हवामानात अशी घटना किती वर्षांतून एकदा येईल ते काढायचं. पुढे हवामानाची जी संगणकी मॉडेलं त्या भागाचा ऋतू आणि टोकाच्या घटना बऱ्यापैकी उतरवतात, तेवढीच ठेवायची. उरलेल्या मॉडेलांत आजचं जग आणि सव्वा अंशाने थंड असलेलं जग अशा दोन्ही स्थितींत घटनेची शक्यता काढायची. शेवटी नोंदी आणि मॉडेलं यांचा मेळ घालून अनिश्चिततेच्या पल्ल्यासकट आकडा द्यायचा. बिघडतं ते पहिल्याच पायरीला. सगळ्यात जास्त पाऊस पडलेल्या एकाच पर्जन्यमापकाभोवती चौकट आखली, तर घटना अवास्तव दुर्मीळ दिसते. चौकट फार मोठी केली, तर घटना त्यात विरून जाते. पूर खोऱ्यात आला असेल तर खोऱ्याची सरासरी, आणि पाणी जितक्या दिवसांत साचलं तितकेच दिवस, हा सरळ नियम.

पट इतके मोठे का येतात, त्याचं गणित कागदावर होतं. समजा उन्हाळ्याचं तापमान सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलंय. आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलनं दूर असलेल्या उष्णतेची शक्यता २.३ टक्के. सरासरी एका विचलनाने सरकली की तीच उष्णता आता एकाच विचलनावर येते, आणि शक्यता होते १५.९ टक्के. म्हणजे सुमारे सात पट. तीन विचलनांवरची घटना घेतली, तर ०.१३५ वरून २.३ टक्के, म्हणजे सतरा पट. सरकणं तेवढंच, पण शेपटाकडे गुणोत्तर फुगतं. प्रत्यक्षात टोकाच्या घटनांसाठी घंटेऐवजी वेगळी वितरणं वापरतात, तरी मुद्दा हाच राहतो.

म्हणून 'तिप्पट शक्यता' आणि 'तिप्पट पाऊस' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१७ च्या हार्वी वादळात टेक्सासमधल्या नेदरलँड या गावी १५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. एका अभ्यासानुसार तापमानवाढीमुळे तो पाऊस सुमारे १५ टक्के जास्त होता, आणि अशा पावसाची शक्यता सुमारे तिप्पट झाली. दोन्ही आकडे एकाच शोधनिबंधातले. ज्याला घाबरवायचंय तो तिप्पट सांगतो, ज्याला शांत करायचंय तो १५ टक्के. दुसऱ्या एका गटाचा सर्वोत्तम अंदाज ३८ टक्के आला. इतका फरक पडतो, कारण चौकट वेगळी आणि नैसर्गिक चढउतार वेगळा करण्याची रीतही वेगळी.

या वादाचा सगळ्यात शिकण्यासारखा नमुना २०१० च्या रशियातल्या उष्णतेच्या लाटेचा आहे. अमेरिकी हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी म्हटलं, लाट मुख्यतः नैसर्गिक होती. जर्मनीतल्या पॉट्सडॅमचे शास्त्रज्ञ राम्स्टॉर्फ आणि कुमू यांनी म्हटलं, मॉस्कोचा तो जुलैचा विक्रम तापमानवाढीशिवाय झाला नसता, याची शक्यता ८० टक्के. २०१२ मध्ये फ्रेडरिके ऑटो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोघंही बरोबर आहेत. लाटेच्या अंशांपैकी बराचसा भाग हवेच्या जास्त दाबाचा पट्टा एका जागी अडून बसल्यामुळे आला, त्यामुळे तीव्रतेत तापमानवाढीचा वाटा छोटा. पण त्या छोट्या वाट्यानेच तो उंबरठा ओलांडण्याची शक्यता अनेक पट वाढवली. एक गट 'किती अंश' विचारत होता, दुसरा 'किती वेळा'.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनीही घोळ होतो. याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांत किमान एकदा होण्याची शक्यता २६ टक्के, शंभर वर्षांत ६३. आणि एकमेकांपासून दूर अशी हजार ठिकाणं घेतली, तर हवामान जराही न बदलता दरवर्षी सुमारे दहा ठिकाणी 'शतकातला' पाऊस पडणारच. बातम्या त्या दहांच्याच येतात.

आणि हो, उत्तर 'नाही' असंही येतं. २०२१ मध्ये दक्षिण मादागास्करमधल्या उपासमारीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमाने हवामान बदलातून आलेलं संकट म्हटलं होतं. घटनांतला तापमानवाढीचा वाटा काढणाऱ्या वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाच्या अभ्यासात पाऊस कमी होण्यामागे तापमानवाढीचा ठळक हात सापडला नाही. दारिद्र्य आणि पावसाचा नैसर्गिक लहरीपणा हीच मोठी कारणं निघाली. याच गटाने जून २०२१ मध्ये कॅनडातल्या लिटन गावी झालेल्या ४९.६ अंशांबद्दल सांगितलं, की तापमानवाढीशिवाय असं होणं जवळजवळ अशक्य होतं. कॅनडाचा त्याआधीचा उच्चांक ४५ होता. जी पद्धत कधी हो आणि कधी नाही म्हणते, तिच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. एक आक्षेप मात्र रास्त आहे: हे गट बहुधा मोठी हानी झालेल्या घटनाच अभ्यासाला घेतात. त्यामुळे त्यांच्या निकालांची टक्केवारी काढून 'इतके टक्के आपत्ती हवामान बदलामुळे' असं म्हणणं चूक आहे.

पैसा आणि मृत्यू

ब्रसेल्सच्या संस्थेची ईएम-डॅट नावाची आपत्तींची सूची १९८८ मध्ये सुरू झाली. दहा मृत्यू, शंभर बाधित, आणीबाणीची घोषणा किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची हाक, यांपैकी एक अट पुरी झाली की नोंद होते. १९६० च्या दशकात दुर्गम खोऱ्यातली वीस माणसं वाहून गेली, तर ती या सूचीत पोचायची कशी? म्हणून 'पन्नास वर्षांत आपत्ती पाचपट' या आलेखात हवामान किती आणि सुधारलेली नोंदणी किती, ते वेगळं करता येत नाही. मी तो आलेख पुरावा म्हणून कधीच वापरणार नाही.

नुकसानीचंही तसंच. किनाऱ्यावर आज जितकी घरं आहेत, तितकी १९२६ मध्ये नव्हती. महागाई वजा केली तरी वाढलेली लोकसंख्या आणि मालमत्ता उरतेच. ती वजा करायची रीत अमेरिकी अभ्यासक रॉजर पील्के (ज्युनियर) यांनी रूढ केली, आणि तशी वजाबाकी केल्यावर चक्रीवादळांच्या नुकसानीचा कल बराच सपाट होतो. आयपीसीसीच्या २०१२ च्या विशेष अहवालानेही मालमत्तेची वाढ हेच मुख्य कारण मानलं, हवामानाचा वाटा नाकारला मात्र नाही. मेख अशी, की याच काळात बांधकामं मजबूत झाली, अंदाज सुधारले. ती बचत कुणी वजा करत नाही. त्यामुळे सपाट रेषा म्हणजे 'हवामानाचा परिणाम शून्य' असंही होत नाही.

मृत्यू घटलेत, हे संशयवादी आवर्जून सांगतात, आणि ते खरं आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली. २०२० मध्ये त्याच बंगालच्या उपसागरात आलेल्या अम्फानमध्ये शे-सव्वाशे. यातून पूर्वसूचना, निवारे आणि रस्ते यांचं यश सिद्ध होतं. वादळ सौम्य झालं, हे सिद्ध होत नाही.

वणव्यांचा आकडा तर हमखास गोंधळात टाकणारा. १९९८ ते २०१५ मध्ये जगातलं जळालेलं क्षेत्र सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. कारण मुख्यतः गवताळ प्रदेशांची शेती झाली आणि तिथे आग लावणं कमी झालं. त्याच वेळी ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांसारखं आगीला पोषक हवामान तापमानवाढीमुळे किमान ३० टक्के जास्त संभवनीय झालं. 'आग तर कुणीतरी लावली होती' हे उत्तर इथे चालत नाही. ठिणगी कुणाचीही असो, ती किती पसरणार हे इंधनाचा सुकेपणा, आर्द्रता आणि वारा ठरवतात.

शास्त्रज्ञांतला खरा मतभेद

आर्क्टिक १९७९ पासून जागतिक सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. त्यामुळे जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वारा, मंद आणि नागमोडी होतो, म्हणून मध्य अक्षांशांत कडाक्याची थंडी उतरते, अशी मांडणी जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीफन वाव्ह्रस यांनी २०१२ मध्ये केली. मॉडेलांत हा परिणाम क्षीण दिसतो, आणि पुढच्या वर्षांच्या नोंदी मिळाल्यावर आधीचा कलही पुसट झाला. यावर चांगले लोक दोन्ही बाजूंना आहेत. म्हणून प्रत्येक हिमवादळाला 'हेही तापमानवाढीमुळेच' असं छातीठोकपणे सांगू नये.

याउलट काही वाद नुसते ढग पेरल्याचे. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातींत एका केंद्रावर २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला, तो १९४९ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक. खापर क्लाउड सीडिंगवर, म्हणजे ढगांत कण फवारून पाऊस पाडण्यावर फुटलं. पावसाची ती प्रणाली कित्येक दिवस आधी मॉडेलांत दिसत होती आणि ओमानलाही तिने झोडपलं होतं. सीडिंगने असलेल्या ढगातून थोडा जास्त पाऊस काढता येतो. शेकडो किलोमीटर पसरलेली प्रणाली त्यातून उभी राहत नाही.

दोषाचा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाने लिबियातल्या डेर्ना शहरावर पाणी आणलं, दोन धरणं फुटली आणि हजारो माणसं गेली. अभ्यासाने सांगितलं, असा पाऊस तापमानवाढीमुळे ५० पटींपर्यंत जास्त संभवनीय आणि ५० टक्क्यांपर्यंत जास्त तीव्र झाला असावा. यातलं 'पर्यंत' महत्त्वाचं, कारण नोंदी थोड्या आणि पल्ला फार रुंद होता. धरणं १९७० च्या दशकातली. त्यांची देखभाल तातडीने व्हायला हवी, असा इशारा लिबियातल्याच एका जलतज्ज्ञाने २०२२ च्या शोधनिबंधात दिला होता. पावसातला तापमानवाढीचा वाटा उद्या दुप्पट निघाला, तरी न झालेल्या देखभालीचा हिशेब त्याने कमी होत नाही. जुलै २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने १२ अधिकाऱ्यांना ९ ते २७ वर्षांच्या शिक्षा दिल्या.